चौदा झोके

“ताई, तुम्ही धरून बघा ना. तुम्ही तर पायाळू आहात!” भावजय हे इतक्या सहज बोलली की, “अजून एक चकली घ्या ना” म्हणतानाही तिचा सूर वेगळा लागला नसता. भाऊबीजेची दुपार होती. फराळाच्या ताटल्या बाजूला सारून तिने जेवणाच्या टेबलावर आमच्या शेताचा नकाशा पसरला होता. नकाशा म्हणजे उपग्रहावरून काढलेला फोटो, भावाने ऑफिसातून मोठ्या कागदावर छापून आणलेला. वरून पाहिलं की आमचं सात एकर म्हणजे पोळीला पडलेल्या डागांसारखं दिसतं. ओढ्याची एक हिरवट रेघ, तिच्या कडेला उंबराचा गडद ठिपका, आणि वरच्या कोपऱ्यात, जिथे गाडीवाट संपते, तिथे एक पांढुरकी मोकळी जागा. भावाला नवीन बोअर मारायची आहे. भावजयीने नुकताच डाउझिंगचा, म्हणजे लोलक धरून जमिनीतलं पाणी शोधण्याचा, दोन दिवसांचा ऑनलाइन वर्ग केला आहे. तेव्हा जांभळ्या स्फटिकाचा लोलक चांदीच्या साखळीला लावून ती त्या नकाशावरून बोटाबोटाने सरकत होती. वरच्या कोपऱ्यावर तो गोल फिरला. मग तिने ते वाक्य म्हटलं आणि साखळी माझ्या हातात दिली.

आता भावजयीबद्दल वाचणाऱ्याचं मत इथेच बनू नये म्हणून सांगते, ती एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहे. दिवसभर मिलिग्रॅमच्या हिशेबात असते. शिकली तेही पद्धतशीर. कोपर टेबलावर टेकवायचं, साखळी अंगठा आणि तर्जनीत धरायची, वीतभर सोडायची. आधी लोलकाला म्हणायचं, “हो दाखव.” तो जसा हलेल तो त्याचा ‘हो’. मग, “नाही दाखव.” बहुतेकांचा ‘हो’ म्हणजे घड्याळाच्या दिशेने गोल आणि ‘नाही’ म्हणजे उलट, पण कुणाचा पुढे-मागे आणि डावी-उजवी असाही असतो, ज्याचा त्याचा लोलक. प्रश्न असा विचारायचा की उत्तर हो किंवा नाही यातच यावं. आणि प्रश्नाआधी तीन परवानग्या घ्यायच्या : मी विचारू का, मला विचारता येईल का, मी विचारावं का. रात्री लोलक खड्याच्या मिठात ठेवायचा, म्हणजे दिवसभराचं निघून जातं. ती हे सांगत होती तेव्हा भाऊ गालातल्या गालात हसत होता, पण नकाशा त्यानेच छापून आणला होता, हेही खरं.

मी लोलक धरला. उंबराच्या ठिपक्यावर तो लोंबकळत राहिला, जरासा थरथरत. वरच्या कोपऱ्याकडे हात नेला आणि तो आधी पुढे-मागे, मग तिरपा, मग हळूहळू गोल, गिरकीगणिक मोठा होत फिरायला लागला. माझी बोटं स्थिर होती. मी बघत होते ना त्यांच्याकडे! भावजय टाळी वाजवून म्हणाली, “बघा!” मी लोलक खाली ठेवला तो जरा जोरातच. चिवड्याच्या ताटलीच्या काठाला लागून टिंग वाजला. “काय झालं, ताई?” “काही नाही, हात दुखला.” घरी परत येताना नवरा गाडी चालवत कुणाच्या तरी बदलीबद्दल बोलत होता आणि मी मांडीवरच्या तळहाताकडे बघत होते.

लोलक माझ्या हातात हलला होता. दुसऱ्यांदा.

मी पायांकडून जन्मले. माण तालुक्यातल्या आमच्या गावात ही गोष्ट माझ्या नावाच्या आधी लोकांना ठाऊक होती. कुणाच्या कंबरेत उसण भरली की मला खेळातून उठवून नेत. एखादी म्हातारी पालथी पडलेली असे, तिच्या कंबरेला मी डावा पाय लावायचा, तीनदा, न बोलता. बदल्यात गुळाचा खडा मिळे. वळिवाचं आभाळ काळं झालं की आजी मला उंबऱ्याच्या आत ओढून घेई, कारण वीज पायाळू माणसाला शोधत येते. आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, पाणी दिसतं. धन कुणी मला दाखवायला सांगितलं नाही. आमच्या गावात ते पुरून ठेवण्याइतकं कुणापाशी नव्हतंच. खरं सांगायचं तर मला हे सगळं आवडायचं. वर्गात मी मधल्या रांगेतली, दिसायला चारचौघींसारखी, पण कुणाची कंबर धरली की अख्ख्या आळीत माझं नाव निघे. अकरा वर्षांच्या पोरीला असा मान मिळाला तर ती तो परत कशाला करील?

२००३ साल. माणदेशात दुष्काळ पाहुण्यासारखा येत नाही, तो घरचाच आहे. पण त्या साली दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी पाऊस हुकला होता आणि घरच्याच माणसानं घर खायला घ्यावं तसं झालं होतं. आबांनी कर्ज काढून डाळिंब लावलेलं. झाडं तिसऱ्या वर्षाची, पहिला बहर धरायच्या बेताची. विहिरीत तळाला खरबरीत गाळ उरला होता, त्यात पोहरा आपटल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे : ठण नाही, छपक नाही, फक्त ‘खर्र’. आबा टँकरच्या पाण्याने झाडामागे एकेक कळशी घालत. शेवटी ठरलं, बोअर मारायची. आणि बोअर मारायची म्हणजे आधी पॉइंट काढायचा.

पाणाड्या शेजारच्या गावचा. आधी गवंडीकाम करायचा म्हणून सगळे त्याला गवंडी अण्णा म्हणत. पांढरं धोतर, कानात कुड्या, पायांत टायरच्या चपला. शेतात शिरताना त्या बांधावर काढून ठेवायचा. सोललेला नारळ आडव्या तळहातावर ठेवायचा, शेंडी पुढे, आणि देवळाभोवती फिरावं तसा शेतभर फिरायचा. जिथे पाणी, तिथे नारळ उभा राहतो. कुणी उंबराच्या बेचक्याने बघतं, कुणी दोन वाकवलेल्या तारांनी, अण्णांचा नारळ. त्या सकाळी नारळ दोन ठिकाणी उठला. एकदा ओढ्यालगत उंबराखाली आणि एकदा वरच्या कोपऱ्यात, विजेच्या खांबाजवळ. दोन बोअर मारायची आमची ऐपत नव्हती. अण्णांनी घाम पुसला आणि विचारलं, “घरात कुणी पायाळू हाय का?”

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

अण्णांनी पिशवीतून ओळंबा काढला. गवंड्याचा, पितळी, भोवऱ्यासारखा, टोक झिजलेलं. त्याच्या सुताला जुन्या चुन्याचा वास होता. “हलवायचा न्हाई. रोखायचा बी न्हाई. नुसता धरायचा, पोरी.” आधी उंबराखाली उभी केली. ओळंबा जड होता, माझ्या मुठीच्या मानाने फारच. तो लोंबत राहिला. मग सगळी वरात वरच्या कोपऱ्यात. ऊन डोक्यावर आलेलं, तापलेल्या मुरुमाचा चटका टाचांतून वर चढत होता. अण्णा, आबा, चुलते, दोघं-तिघं शेजारी असे सगळे माझ्याभोवती गोल करून उभे होते आणि कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे ओळंब्याकडे बघत होते. फक्त आबा माझ्याकडे. तो हलला. आधी थोडा, मग भरभर, मग गोल. अण्णांनी मान डोलावली आणि म्हणाले, आता खोली इचार. एक झोका म्हणजे १० फूट. मी मोजले. चौदा झोके झाले आणि तो मंदावला. १४० फूट. आबांनी मला उचलून घेतलं. अकरा वर्षांच्या मुलीला आमच्याकडे कुणी उचलून घेत नाही, बाप तर नाहीच.

गाडी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. त्या काळी आमच्याकडे येणारी बहुतेक बोअरची गाडी तिथलीच असे. त्यावरची पोरं अंगाखांद्यावर राखाडी भुकटी घेऊन वावरत, त्यांची भाषा आम्हाला कळत नसे आणि आमची त्यांना. पण ‘पाणी’ आणि ‘पैसा’ हे दोन शब्द त्यांना येत. संध्याकाळी हातोडा सुरू झाला. आधी मुरूम, मग काळा पाषाण. काळा दगड फुटतो तेव्हा वर येणारी भुकटी मात्र पांढुरकी असते, पिठासारखी. उंबरावर, आईच्या पदरावर, माझ्या पापण्यांवर ती बसली. एक रॉड २० फुटांचा. मी रॉड मोजत होते. पाचव्या रॉडला भुकटी लाल झाली आणि कुणीतरी ओरडलं, “गेरू लागला, गेरू!” आमच्या दख्खनच्या दगडात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये असा लाल मातीचा पट्टा सापडतो, त्याच्या आसपास कधी कधी पाणी असतं. लाल भुकटी २ फूट आली आणि पुन्हा पांढरी. सातवा रॉड उतरला. १४०. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आता ओळंबा नव्हता. मग आठवा, नववा. रात्री दोनच्या सुमारास सोळावा रॉड गेला, ३२० फूट, आणि धुरळ्याशिवाय काही वर आलं नाही. आबांनी हात वर केला. मशीन थांबल्यावर इतकी शांतता झाली की ओढ्याकडच्या टिटवीचं ओरडणं ऐकू आलं.

आईची बोरमाळ त्या बोअरमध्ये गेली. “बोरमाळ बोरात गेली” हा विनोद पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात चालला आणि तो नेहमी आईच करायची. डाळिंब दोन महिन्यांनी उपटलं. गवंडी अण्णांनी पैसे घेतले नाहीत. पाणी लागलं तरच घ्यायचे, तो त्यांचा नेम होता. नारळ आणि सव्वा रुपया तेवढा घेतला होता, तोही देवापुढे ठेवला म्हणाले. कुणी त्यांना बोललं नाही. कुणी मलाही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर उसण भरली म्हणून कुणी बोलवायला आलं की मी पाय मुरगळल्याचं सोंग करायची. आणि सहा वर्षांनी ओढ्याच्या पलीकडच्या शेजाऱ्याने, उंबराच्या बरोबर समोर, विहीर काढली तेव्हा तिला ४५ फुटांवर पाणी लागलं. मी तेव्हा बारावीच्या तयारीत होते. बातमी ऐकून जेवणावरून उठले. घरच्यांना वाटलं परीक्षेचं टेन्शन.

मनात कायम एकच टोचणी : मी तो हलवला होता का?

भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात मी गुपचूप सराव सुरू केला. दाराची चावी, शिवणाचा दोरा. कोपर टेकवायचं, वीतभर सोडायचा. “हो दाखव.” दाखवलं. “नाही दाखव.” दाखवलं. अगदी पहिल्या दिवशी, बिनमिठाचं, बिनपरवानगीचं. ज्याला कुणाला डाउझिंग सुरू करायचं असेल त्याला मी छातीठोक सांगते, लोलक हलतो. जवळजवळ सगळ्यांच्या हातात हलतो. त्यात बनवाबनवी नाही. शेवरल नावाचा एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होता, चरबी आणि रंगांवर काम केलेला. १०२ वर्षं जगला, आयफेल टॉवरवर ज्या ७२ जणांची नावं कोरली त्यांत त्याचंही आहे. तो दोऱ्याला लोखंडी कडं बांधून पाऱ्यावर धरायचा, कडं झुलायचं. मध्ये काच सरकवली की थांबायचं. एखादा तिथेच ‘पाऱ्यातली शक्ती’ म्हणून मोकळा झाला असता. त्याने पुढे दोन गोष्टी केल्या. दंडाला आधार दिला, तेव्हा झोका लहान झाला. आधार बोटांपर्यंत आणला, तेव्हा थांबला. मग डोळ्यांवर पट्टी बांधली आणि दुसऱ्याला काच सरकवायला सांगितली. काचेचा काही परिणाम होईना. १८३३ साली त्याने हे सगळं अँपिअरला लिहिलेल्या पत्रात छापलं. विजेच्या एककाला ज्याचं नाव आहे तोच अँपिअर. झोका बघणं आणि झोक्याची कल्पना करणं एवढंही हाताला पुरतं, हे त्याचं म्हणणं. पुढे १८५२ साली कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरने या प्रकाराला ‘आयडिओमोटर’ असं नाव दिलं. विचारानेच स्नायू हलतो आणि माणसाला पत्ता लागत नाही, असा त्याचा अर्थ.

पत्ता का लागत नाही, ते झोपाळ्यावर बसलेल्या पोराला ढकलणाऱ्या कुणालाही कळेल. वीतभर दोऱ्याचा लोलक सेकंदाला साधारण एक झोका घेतो. त्याच तालात केसाएवढा धक्का बसत राहिला की झोका वाढत वाढत डोळ्यांत भरेल एवढा होतो. धक्का डोळ्यांना दिसत नाही, झोका दिसतो. आणि दिसला की हाताला ताल आणखी पक्का सापडतो. माझी बोटं स्थिर होती असं मी वर लिहिलं आहे. ते खोटं नाही, पण खरंही नाही. इथे मला त्या पितळी ओळंब्याचं राहून राहून आश्चर्य वाटतं. वस्तू तीच. गवंडी तो थांबायची वाट बघतो. थांबला की भिंत सरळ की वाकडी ते कळतं, आणि ते चूक नसतं. अण्णा आयुष्यभर त्याच ओळंब्याच्या थांबण्यावर विश्वास ठेवून भिंती बांधत आले आणि म्हातारपणी त्याच्या हलण्यावर विसंबले.

मग वाट्यांचा प्रयोग. पाच स्टीलच्या वाट्या पालथ्या, एकीखाली पाण्याने भरलेलं बाटलीचं झाकण. आधी कोणत्या वाटीखाली आहे ते मला माहीत असताना लोलक धरला. दहाच्या दहा वेळा लोलकाने बरोबर वाटी दाखवली, काय तो डौल! मग मी स्वयंपाकघरात जायचं, नवऱ्याने झाकण हलवायचं, आणि मी यायच्या आत बाहेर निघून जायचं, म्हणजे त्याचा चेहराही वाचायला नको. वीस वेळा केलं. पाच वेळा बरोबर. डोळे झाकून बोट ठेवलं असतं तरी चार आले असते. नवरा म्हणाला, “एक तर जास्त आला ना!” आणि मजा म्हणजे क्षणभर मलाही तसंच वाटलं. जर्मनीत कासेल शहरात १९९० साली ३० डाउझरांची अशीच परीक्षा झाली, जमिनीखाली अर्ध्या मीटरवर पुरलेल्या नळीतून पाणी वाहतंय की नाही एवढंच सांगायचं होतं. परीक्षेच्या अटी त्यांना मान्य होत्या, आपल्याला जमेल याची खात्री होती. निकाल नाणेफेकीसारखा लागला. ती माणसं लबाड नव्हती, ही त्या गोष्टीतली मला सर्वांत जवळची बाब.

भावजयीला मी वाट्यांचं सांगितलं. ती चिडली नाही. म्हणाली, “पाण्याचं जाऊ द्या ताई, पण आपल्या आतलं तर तो सांगतो ना? आपल्याला खरं काय हवंय ते?” हे ऐकायला गोड आहे आणि काही दिवस मीही ते धरून बसले. म्हणजे पाणी नाही तर नाही, निदान मन तरी! पण तेही तपासून बघितलं. एका रात्री मनाशी म्हटलं, ‘फिरू नको, काही झालं तरी फिरू नको.’ अगदी मनापासून नको होतं. तो फिरला. फिरण्याचं चित्र डोळ्यांपुढे होतं, एवढं त्याला पुरलं. जे हवं आहे ते आणि ज्याची भीती आहे ते, दोन्ही लोलकाला सारखंच. त्याला आपलं मन कळतं म्हणणं म्हणजे आरशाला आपण आवडतो म्हणण्यासारखं आहे. तेव्हा अकराव्या वर्षी मला वरचा कोपराच हवा होता का, की उंबरावर घाव नको होता, की आबांचा चेहरा, हे मी आता त्या ओळंब्याला विचारू शकत नाही. त्याने ते नोंदवलेलंच नाही.

तरी गवंडी अण्णांवर राग धरता येत नाही. गावात त्यांनी दाखवलेल्या विहिरी लोकांना पाठ होत्या. अमक्याची, तमक्याची, शाळेमागची. कोरड्या गेलेल्या बोअरची आठवण मात्र ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावरच्या बोज्यात. शिवाय आमच्या दगडाचा स्वभावच असा की पाणी सगळीकडे पसरलेलं नसतं. पाषाण अखंड असेल तर ३०० फूट जा, कोरडा. चार हात बाजूला भेग असेल, दगड कुजून मांजऱ्या झाला असेल, तर ५० फुटांवर मोटर चालेल. जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकून वीज सोडून तपासणारे भूगर्भतज्ज्ञ भावाने मध्यंतरी बोलावले होते. ते गृहस्थ दिवसभर उन्हात राबले आणि शेवटी म्हणाले, “इथे शक्यता बरी आहे.” यंत्रवाला ‘शक्यता’ म्हणतो, नारळवाला ‘इथं’ म्हणतो. कर्ज काढलेल्या माणसाने शक्यतेवर रात्री कसं झोपायचं?

आणि अण्णा अगदी अडाणीही नव्हते. नारळ दोन ठिकाणी उठला, त्यातलं एक ठिकाण उंबर होतं, हे मला फार उशिरा जाणवलं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ म्हणून एक अख्खा अध्याय जमिनीखालच्या पाण्यावर आहे. सहाव्या शतकातला. जांभळाच्या पूर्वेला वारूळ असेल तर दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. आणि उंबराचं? उंबराच्या पश्चिमेला तीन हातांवर, अडीच पुरुष खोल. आधी पांढरा साप सापडेल, मग काजळासारखा काळा दगड, आणि त्याखाली चांगल्या पाण्याची शीर. सापाचं सोडून देऊ. पण उंबर पाण्याच्या कडेचं झाड आहे, हे अण्णांच्या डोळ्यांना माहीत होतं. नारळ तिथे उठला तो त्यांच्या डोळ्यांनीच उठवला असणार. दुसऱ्या ठिकाणी, खांबाजवळ, खुरट्या तरवडाशिवाय काही नव्हतं. तिथे तो कशाने उठला?

शेवटी परवा आबांना फोन केला. वीस-बावीस वर्षांत आम्ही त्या रात्रीबद्दल बोललो नव्हतो. आधी हवापाणी झालं, मग आईच्या गुडघ्यांचं. मग मी विचारलं, “आबा, त्या वेळी मी ओळंबा धरला होता... मी चुकीचं ठिकाण दाखवलं ना?”

“कवा?”

“बोअरच्या वेळी. उंबरापाशी हलला नाही, वर हलला.”

आबा थोडा वेळ गप्प. मागे कुणाचा तरी पत्र्यावर धान्य ओतल्याचा आवाज येत होता. मग ते हसायलाच लागले. “आगं खुळे! उंबरापाशी गाडी कुठं उतरत हुती? कसली ती गाडी, धा टायरी. ओढ्याला उतार, खाली काळी माती, रुतली असती. आन् खांब वर. तिथनं वायर वढायची म्हंजी निराळा खर्च. तिथं बोर घ्यायची न्हाई ह्ये चार दिस आधीच ठरल्यालं. अण्णाला बी मी सांगितल्यालं, जरा वरच्या अंगाला बगा म्हणून.”

“मग मला कशाला धरायला लावलं?”

“तुझ्या आईला उंबर पटत हुता. तिची बोरमाळ घालायची हुती न्हवं?”

मी फोन कानाला लावून उभीच राहिले. चार दिवस आधी ठरलं, म्हणजे घरात बोललं गेलं असणार. चुलीपाशी, ओट्यावर, मी गृहपाठ करत बसायची त्याच कंदिलाच्या उजेडात. मी ऐकलं होतं की नाही, खरंच आठवत नाही. हाताने ऐकलं असेल. वरच्या कोपऱ्यात सगळे ओळंब्याकडे बघत होते आणि एकटे आबा माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं मला वाटायचं, ते कौतुकाने.

“आता सूनबाईनं कुटं दाखवलंय म्हनं?” आबांनी विचारलं.

“तिथेच. वरच्या कोपऱ्यात.” तो पांढुरका डाग, गाडीवाटेचं टोक, वरून बघणाऱ्या कुणाचीही नजर आधी तिथेच जाते. “माझ्याही हातात तिथेच फिरला.”

“फिरंल की,” आबा म्हणाले. “पर सांग तिला, औंदा पाणंद झालीया उंबरापातूर. मुरूम टाकलाय. गाडी जाती आता खाली.”